फाटकापासून फलाटापर्यंत

पळणारा माणूस दिसला की लोक बाजूला होतात. आमचे गेनूआबा त्याच्या चुका काढत.

गेनूआबा रेल्वेचे फाटकवाले. कार्ल्याच्या खाली आमचं स्टेशन, तिथून पुण्याच्या बाजूला पाव मैलावर त्यांचं फाटक, आणि स्टेशनात तिकिटं द्यायला मी. उशीर झालेली मंडळी फाटकापासून रुळालगत पळत यायची. डोक्यावर बोचकं, काखेत कोंबडी आणि मागून आबांची आरोळी, "दम ठिवा, दम! पयल्या खांबालाच उधळू नगा!" भिडस्त माणसं ऐकायची. ती दम ठेवायची आणि गाडी त्यांना ठेवून जायची. मग तक्रार करायला माझ्या खिडकीशी यायची, अजिबात धापा न टाकता.

या पाव मैलाचं आबांनी शास्त्र केलं होतं. वाटेतल्या तारेच्या तीन खांबांना त्यांनी स्वतः चुना फासला होता. पहिल्या खांबापर्यंत तोंड मिटून पळायचं. दुसऱ्यापर्यंत हात सैल. तिसरा खांब जांभळीच्या झाडाशी होता, तिथून "सोडायचं". त्याआधी जो सोडील तो त्यांच्या लेखी कामातून गेलेला. स्वतः आबा मात्र पळताना मला कधी दिसले नाहीत. फाटकाशी बाजेवर बसून ते अख्ख्या मावळाला पळायला शिकवत.

लोणावळ्याला दरवर्षी रेल्वेच्या नोकरांच्या शर्यती होत. एका वर्षी मी पाव मैलाच्या शर्यतीत नाव दिलं आणि ते आबांना कळू दिलं, हा माझा गाढवपणा. महिनाभर रोज सकाळची गाडी गेली की त्यांनी मला त्या तीन खांबांवरून पिदडलं. "बाबू, तोंड हाय का तिकिटाची खिडकी? सारकं उगडताय!"

शर्यतीत मी त्यांचा शब्द न् शब्द पाळला. तोंड मिटलं, हात सैल सोडले. बाकीचे सहाजण सुसाट पुढे गेले तेव्हा मला त्यांची कीव आली. मी कीव करीत होतो तोवर एका लठ्ठ पार्सल क्लार्कनं दोरी तोडली. माझा नंबर सातवा. पळणारे सातच होते. दम मात्र इतका शिल्लक होता की परतताना वाटभर मी आबांना शिव्या दिल्या.

तसाच तडक फाटकावर गेलो. "तुम्ही तरी जन्मात कधी शर्यत पळलात का हो?"

"येकदा," आबा म्हणाले. "गाडीसंगं."

पहिल्या महायुद्धातली गोष्ट. त्यांचा धाकटा भाऊ सदू पलटणीत लागला होता. समुद्रापार बसऱ्याला लढायला जाताना त्याची गाडी आमच्या स्टेशनात तीन मिनिटं थांबणार होती. आईनं लाडू करून दिले होते. पण गाडी पुढे गेल्याशिवाय फाटकवाल्याला फाटक सोडता येत नाही.

"डबा फुडनं ग्येला. सदू दारात हुबा. 'दादा' म्हनून हाक मारली त्यानं. म्या जो सुटलो, बैलावानी! जांभळीपाशी पोटात कळ आली. बसलोच खाली. गठुडं हातात, आन् गाडी हालली."

सदू बसऱ्याहून परत आला नाही. आणलेल्या शिव्या तशाच घेऊन मी स्टेशनाकडे परतलो.

पुढे दुसरी लढाई आली आणि सदूचा मुलगा तुका पलटणीत गेला. आबांनीच त्याला वाढवलं होतं. दुपारच्या गाडीनं निघतोय, असं त्याचं कार्ड आलं. आबांनी त्या दिवसापुरता बदली माणूस मागितला. साहेबांनी नेहमीच्या तत्परतेनं उत्तरच दिलं नाही.

गाडी स्टेशनात येऊन उभी राहिली. मी फलाटाच्या टोकाला गेलो. आबा येत होते, लाडवांचं गठुडं छातीशी धरून, तोंड मिटून, बाजाराला निघाल्यासारखे! फाटक तसंच बंद होतं आणि गाडीवान बोंबलत होते. तुका दारातून वाकला होता. "आबा, पळा!" मी ओरडलो. "सोडा आता, सोडा!" त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुसरा खांब. हात सैल. गार्डानं निशाण काढलं. मी मनातल्या मनात त्या चुन्याला, त्या खांबांना, लाखोली वाहिली.

जांभळीपाशी आबांनी सोडलं. पन्नाशी उलटलेला माणूस असा पळताना मी पुन्हा पाहिला नाही. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि गठुडं तुकाच्या हातात गेलं.

आबा बाकावर कोसळले. डोळे पुसत म्हणाले, "बाबू, घामानं मला काय दिसलं न्हाई वो. त्यानं बगितलं का माज्याकडं?"

"बघत होता, आबा. गाडी वळेपर्यंत बघत होता."

"मंग झालं. फाटक उगडाया पायजेल."

ते उठून रुळालगत चालू लागले. फाटकाशी जाऊन त्यांनी अडकलेल्या बैलगाड्या सोडल्या, गाडीवानांच्या शिव्या मुकाट्यानं खाल्ल्या. मग परत जांभळीपर्यंत आले, तिसऱ्या खांबाशी खाली बसले आणि गुडघ्यांत डोकं घातलं.

खिडकीशी तिकिटाला माणसं उभी होती. ती तशीच टाकून मी त्यांच्याकडे पळत सुटलो. दमबिम काही ठेवला नाही.