सुदाममामांचं जहाज

आदिलाबादजवळच्या आमच्या इचोड्यात लोखंडाची कुठलीही वस्तू दोन-चार दिवस जागची हलली नाही, तर सुदाममामा तिला रंग देतात. मालकाला विचारायची त्यांची पद्धत नाही. बसस्टँडचा खांब, बोअरिंगचा हापसा, शाळेचं फाटक, दवाखान्यातला सलाइनचा स्टँड, सगळं एकाच करड्या रंगाचं. नवखा माणूस गावात उतरला की त्याला वाटतं, इथल्या लोकांना दुसरा रंग मिळत नसावा. रंग माझ्याच दुकानातून जातो, त्यामुळे मी आजवर तक्रार केलेली नाही.

एकदा नागपूरकडे निघालेला एक ट्रक धाब्याजवळ एक्सल तुटून पडला. ड्रायव्हर सामान आणायला आदिलाबादला गेला तो तिकडेच अडकला. परत येऊन बघतो, तर त्याच्या लाल-पिवळ्या, फुलाफुलांच्या ट्रकची एक बाजू करडी झालेली. दुसऱ्या बाजूला मामा डबा घेऊन उकिडवे बसलेले. "ये क्या किया चाचा?" तो ओरडला. मामा शांतपणे म्हणाले, "जंग लग रहा था बेटा. तुम नहीं थे, तो हमने सोचा, उसको क्यों छुट्टी देना?" फौजदारसाहेब आले, "एंटी इदि?", हे काय, असं तेलुगूत म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि शेवटी ड्रायव्हर मामांच्या घरी जेवून, अर्धा करडा ट्रक घेऊन नागपूरला गेला.

मामांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "गंजाले आइतवार नसते." कुणी लग्नाची पत्रिका द्यायला गेला तरी हे वाक्य ऐकूनच परत येतो.

मामा नौदलात होते. इचोड्याहून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नाही. मामांनीही भरती होईपर्यंत पाणी पाहिलं ते बासरला गोदावरीचं. पण एका मोठ्या युद्धनौकेच्या पोटात, बॉयलरपाशी, त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्त होऊन गावी आले, वांग्या-टमाट्याची वाडी केली, आणि घराचं जहाज केलं. पहाटे शिट्टी वाजते. अंगण रोज धुतलं जातं, मग टँकरची वाट बघायची पाळी का येईना. खाटेवरच्या चादरीला सुरकुती चालत नाही. गयामामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळ्यांना सांगतात, "आमच्या घरात ढेकूनबी आधी सलाम करते, मंग चावते."

मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. गावच त्यांना मामा म्हणतं. पण दुकानात त्यांची रोजची बैठक, म्हणून माझ्यावर हक्क जास्त.

तर मामांचं ते जहाज म्हातारं झालं तेव्हा मोडलं नाही. मुंबईच्या धक्क्याला बांधून त्याचं म्युझियम केलं. तिकीट काढायचं आणि बघायचं. मामांचा आनंद काय वर्णावा! गावातून कुणी मुंबईला निघालं, की मामा त्याला जहाज बघायला लावणारच. नव्या नवरा-नवरीलाही सोडलं नाही. फिरायला गेलेली ती दोघं परत आली ती बॉयलरची माहिती घेऊन.

आणि एके दिवशी दुकानातल्या पेपरात बातमी आली. जहाजाचा तळ सडत चाललाय, देखभालीचा खर्च झेपत नाही, सबब म्युझियम बंद करून जहाज भंगारात काढायचा विचार आहे.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वाद जास्त झाला. मी पडलो दुकानदार. म्हटलं, "मामा, बरोबरच आहे त्यांचं. खाऱ्या पाण्यात लोखंड उभं करायचं आणि जन्मभर रंगवत बसायचं, हा फजूल खर्च आहे. त्यापेक्षा दवाखाना बांधावा."

"पोळ्याले म्हातारा बैल सजवता का नाई?" मामा कडाडले. "का तो औत वढत नाई म्हणून कसाबाले देता?"

नार्नूरकडचा एक कापूसवाला खिळे घ्यायला आला होता. तो म्हणाला, "मामा, बैल कडबा खाते. तुमचं जहाज तर पाण्यात उभं राहून सरकार खाऊन राह्यलं."

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

मी म्हटलं, "फोटो काढून ठेवावेत, व्हिडिओ करावा. लोकांना घरबसल्या दिसेल."

मामांनी भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे बोट केलं. "याले रोज हार घालतोस. मंग त्याची ती खुर्ची काऊन ठेवली? एक पाय मोडला हाय, कोनाले बसू देत नाईस. फेकून दे ना!"

खुर्चीचा खर्च काही नाही, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं, पण तेव्हाही ते फारसं पटलं नाही.

ही सगळी हकीकत गयामामींच्या कानावर गेली. त्या म्हणाल्या, "मोडाच्या आधी मले एकदा दाखवा. जलमभर नुसतं आयकून राह्यली मी."

आणि इथं नवल घडलं. साऱ्या गावाला जहाज दाखवायला निघालेला हा माणूस बायकोला न्यायला मात्र टाळाटाळ करू लागला. आधी म्हणाले, तिथं रंगकाम चालू आहे. मग वाडीत पाणी द्यायचंय. मग कंबर धरली. मग गाय व्यायची होती. गाय व्याली, तरी मामा हलेनात. जहाज वाचावं म्हणून दुकानात घसा कोरडा करायचे आणि मामींनी विषय काढला की ब्रश घेऊन बाहेर पडायचे.

शेवटी मामीच दुकानात आल्या. "भाच्या, तिकिटं काढ. तिघांची. ह्यांच्या भरोशावर राह्यली तं जहाजाचे खिळे होऊन तुह्याच दुकानात येतीन."

आम्ही आदिलाबादहून गाडीत बसलो. सकाळी मामी चहा पिऊन तोंड धुवायला गेल्या, तसे मामा माझ्या कानाशी आले. असा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"भाच्या, घोटाळा हाय. म्या तिले एक लबाडी सांगून ठेवली."

लग्नानंतर मामा पहिल्या सुट्टीवर आले, तेव्हा मामी रडत होत्या. लोखंडाच्या डब्यात तुम्ही गुदमरत असाल, मला झोप येत नाही, म्हणत होत्या. मामांनी त्यांना धीर द्यायला सांगितलं, की मला स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. मामींचं रडं थांबलं. पुढच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, खिडकीला पडदा आहे का? मामांनी पडदा लावला. मग दर सुट्टीत खोलीत सामान वाढत गेलं. टेबल आलं, खुर्ची आली.

"एकदा तं मोगऱ्याची कुंडी ठेवली म्या," मामा म्हणाले. "आता तिथं नेऊन काय दाखवू?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "मामा, मग जहाज मोडू द्या की! तुमची खोली वाचेल."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हसायचं विसरलो. "माही लबाडी उघडी पडू दे. त्याच्यापायी जहाज काऊन मोडाचं?"

दुपारी आम्ही जहाजावर होतो. नऊवारी नेसलेल्या मामी शिडी अशी चढल्या, जणू माडीवर वाळवण घालायला निघाल्यात. तोफा पाहिल्या, तोफेला हळूच हात लावून नमस्कार केला. ठिकठिकाणी रंगाचे पापुद्रे सुटले होते. एरवी मामांचे हात शिवशिवले असते, पण आज त्यांचं लक्षच नव्हतं. मामी म्हणाल्या, "आता तुमची खोली दाखवा."

मामा पुढे, मामी मागे, त्यांच्यामागे मी. एक जिना उतरलो, दुसरा उतरलो. दिव्याचा उजेड कमी होत गेला, तेलाचा जुना वास यायला लागला. एका अरुंद जागेत भिंतीला एकावर एक लोखंडी फळ्या टांगल्या होत्या, दुकानात माल ठेवतात तशा. मामा थांबले. मधल्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "हे."

मामींनी इकडेतिकडे पाहिलं. "खिडकी?"

"नाई."

"मोगरा?"

मामांनी मान खाली घातली.

मला वाटलं, आता मामी सगळं जहाज डोक्यावर घेणार. त्या फळीवर बसल्या, मग चक्क आडव्या झाल्या. वरची फळी नाकाशी आली. कूस बदलताना गुडघा आपटला, तेव्हा त्यांनी पाय पोटाशी घेतले, हात छातीशी बांधले, आणि पाठ लोखंडाला टेकवून मुटकुळं करून पडल्या.

मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "अवो, तुमी घरी असेच झोपता. येवढी मोठी खाट, तरी भिंतीले चिकटून, आंग चोरून."

"सवय लागली व गया," मामा म्हणाले.

"मले वाटे... मले इतके वर्सं वाटून राह्यलं, मी तुमाले आवडत नाई म्हणून दूर सरकता."

मामांनी फळीच्या लोखंडाला घट्ट धरलं आणि ते रडले. गावाला शिट्टीवर उठवणारा तो माणूस लहान पोरासारखा रडला, आणि माझेही डोळे भरून आले. मामी उठून बसल्या, डोकं वाकवून थोड्या सरकल्या, आणि हातानं शेजारची जागा झटकून म्हणाल्या, "या. बसा अथी."

मी गुपचूप वर आलो. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली होती. पहारेकरी किल्ल्या घेऊन जिन्याकडे निघाला होता, त्याला मी आडवा गेलो.

"नीचे कोई है क्या?" त्यानं विचारलं.

"मेरे मामा-मामी हैं."

"क्या कर रहे हैं इतनी देर?"

"बातें कर रहे हैं," मी म्हटलं. "थोड़ा रुक जाओ."