मोघे साहेबांचा अर्ज

मोघे साहेबांना मुंगी चावली तरी त्याची नोंद मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होते. थट्टा करत नाही. गेल्या वर्षी सकाळी साडेनऊला, बदलापुरात, कुंडीला पाणी घालताना त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला लाल मुंगी चावली, हे सगळं तिथल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. साहेबांनीच फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "लिहिलंत ना? वाचून दाखवा."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. साहेब क्वालिटी कंट्रोलचे मुख्य. ड्रमवरचं लेबल तिरकं लागलं म्हणून भरलेला ट्रक त्यांनी गेटवरून परत फिरवलेला मी पाहिलाय. आता ते रिटायर झालेत आणि माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. सवय मात्र रिटायर झाली नाही. दूध आलं की त्यातले दोन चमचे एका बाटलीत, बाटलीवर तारीख, आणि बाटली फ्रिजमध्ये. उद्या दूध नासलं तर पुरावा हवा. मोघे वहिनी म्हणतात, "आमच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीला जागा नाही, पण मागच्या मंगळवारचं दूध आहे."

दोन वर्षांपूर्वी साहेबांची पाठ दुखायला लागली. तपासण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत पोचलेला. मी भेटायला गेलो आणि दारातच उभा राहिलो. साहेबच म्हणाले, "बस. रिपोर्टवर माझं वय चुकलं होतं, ते आधी दुरुस्त करून घेतलं."

डॉक्टरांनी त्यांना विचारलं, एका नव्या उपचाराच्या चाचणीत येता का? या कॅन्सरला पुरुषी हार्मोनचं खाद्य लागतं. ते तोडणारं इंजेक्शन सगळ्यांनाच मिळणार होतं. अर्ध्या लोकांना त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी सलाईनसारखं एक औषध, आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरच्या अंगावर सोडणारं. दोन्ही मिळून जास्त गुण येतो का, ते पाहायचं. कोणाला काय मिळणार, ते कॉम्प्युटर ठरवणार.

दुसरा कोणी घाबरला असता. साहेब खूश. "म्हणजे तुलनेला दुसरा गट आहे! त्याशिवाय टेस्ट म्हणजे नुसत्या गप्पा." संमतीपत्र त्यांनी दोन दिवस वाचलं, ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका काढून दिल्या आणि मगच सही केली.

चाचणीचं काम बघणारी स्नेहा नावाची मुलगी दर आठवड्याला फोन करायची. "काका, काही त्रास?" बाकीचे पेशंट "बरं आहे" म्हणून फोन ठेवत. साहेब वही उघडत. पेशंटने सांगितलेला प्रत्येक त्रास नोंदवायचा असा तिथला नियम. मुंगी आत गेली ती अशी. 'सोसायटीच्या मीटिंगनंतर डोकेदुखी' हेही गेलं.

इंजेक्शनने त्यांच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. ऐन डिसेंबरात माणूस बनियनवर गॅलरीत, आणि वहिनी स्वेटर घालून दारात. म्हणाल्या, "मला पन्नाशीत असंच व्हायचं. तेव्हा काय म्हणाला होतात? मनाचे खेळ आहेत!" साहेबांनी वही काढून लिहिलं, 'सौ.च्या बाबतीतले माझे त्या वेळचे निरीक्षण चुकीचे होते.' खाली सही केली आणि वही त्यांच्यापुढे धरली. वहिनी हसत हसत आत गेल्या. बाहेर यायला त्यांना बराच वेळ लागला.

हॉस्पिटलात त्यांना मीच गाडीने नेत असे. तिथे आहुजा शेठ भेटायचे. उल्हासनगरात त्यांचं फर्निचरचं दुकान. दोघांनी सह्या एकाच दिवशी केल्या होत्या, आजारही साधारण तेवढाच पुढे गेलेला. कॉम्प्युटरने साहेबांना सलाईनच्या गटात टाकलं आणि शेठना नुसत्या इंजेक्शनच्या. शेठ खो खो हसले. "देखो साईं, मेरेको खाली सुई. तुमको सुई भी, बाटली भी!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

तिसऱ्या बाटलीच्या दिवशी त्यांनी स्नेहापुढे एक कागद ठेवला. समास सोडून, रीतसर लिहिलेला अर्ज. 'माझ्या उरलेल्या बाटल्या श्री. आहुजा यांना देण्यात याव्यात.'

"काका, असं नाही करता येत."

"माहितेय. नमुन्यांची अदलाबदल करायची नाही, हे मीच याला शिकवलं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तरी विचारतोय."

स्नेहाने पेन खाली ठेवलं. "बाटलीवाल्यांना जास्त फायदा होतोय का, हेच अजून कोणाला माहीत नाही, काका. झाला, तर पुढे सगळ्यांना मिळेल."

"मग 'अर्ज नाकारला' असं लिहा त्यावर."

तिने लिहिलं. साहेबांनी कागदाची घडी खिशात घातली आणि निमूट खुर्चीत बसून सुईसाठी हात पुढे केला.

पाचव्या बाटलीनंतर त्यांना जुलाब सुरू झाले. दिवसातून आठ वेळा. मी म्हटलं, "साहेब, तीन सांगा. आठ सांगितलेत तर बाटली बंद करतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मानच खाली गेली. "मी तीन सांगितले, तर उद्या हे औषध ज्याला देतील त्याच्या आतड्यांचं काय?"

त्यांनी फोन लावला. आठ सांगितले. जागी झालेली प्रतिकारशक्ती त्यांच्याच आतड्यांवर उलटली होती. दहा दिवस हॉस्पिटल झालं, स्टिरॉइड झाले, आणि बाटली कायमची बंद. डॉक्टर म्हणाले, दडवलं असतं तर जिवावर बेतलं असतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "उल्हासनगरला चल. आहुजांना हे फोनवर सांगायचं नाही."

शेठनी आम्हाला दुकानातल्या सोफ्यावर बसवलं. साहेबांनी आधी हात फिरवून सोफ्याचे सांधे तपासले. मग म्हणाले, "शेठ, मेरा बाटली बंद हो गया. तुम्हारे वास्ते तो चलना चाहिए था, फायदा दिखता तो कल तुमको भी मिलता. मैं फेल हो गया."

शेठना कळायला क्षणभर लागलं. "मेरे वास्ते?" ते साहेबांच्या शेजारी टेकले. "अरे साईं, तुम घर वापस आया ना? दस दिन से दरबार में तुम्हारे नाम का मत्था टेक रहा हूँ मैं. बाटली का क्या है, दुसरे लोग को चालू है ना? देखेंगे."

मी नजर चुकवून समोरच्या कपाटांकडे वळलो. सगळी आरशाची कपाटं. प्रत्येक आरशात तेच: प्लास्टिक न काढलेल्या सोफ्यावर, एकमेकांचा हात धरून बसलेले दोन म्हातारे.

आता दोघांनाही फक्त सुई. रक्ताचे आकडे सध्या आटोक्यात आहेत, पुढचं पुढे. सुईची तारीख साहेबांनी स्नेहाच्या मागे लागून एकच करून घेतली. मी बदलापूरहून निघतो आणि वाटेत उल्हासनगरला शेठना घेतो. पूर्वी साहेब पुढे बसून माझ्या स्पीडवर लक्ष ठेवायचे. आता ते घरून निघतानाच मागे बसतात, आणि उल्हासनगर जवळ आलं की शेजारची सीट रुमालाने झटकून ठेवतात.