नूडलची ऊब कोणी पळवली?

कल्पना करा मुलांनो, तुमच्या दारात एक गृहस्थ उभे आहेत. अंगात लांब कोट, कारण डिटेक्टिव्हला तो लागतोच. पायात स्लिपर, कारण ते वरच्या मजल्यावरून जेवायला आलेत. "मी प्रल्हाद," ते म्हणतात. "पोटासाठी प्रोग्रॅमर, जन्माने डिटेक्टिव्ह. माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा कोट दारात अडकलेला असतो.

टेक्ससमधल्या अर्विंगला, अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, या प्रल्हादकाकांना अखेर एक केस मिळाली. ती दिली खालच्या मजल्यावरच्या नऊ वर्षांच्या इशिताने.

इशिताकडे नूडल नावाचा, कॉर्न स्नेक जातीचा साप होता. राहायचा काचेच्या पेटीत. पेटीला जाळीचं झाकण, आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर टांगलेला शंभराचा बल्ब. सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही; बाहेरून मिळाली तरच त्याचं अन्न पचतं. पेटीत पंच्याऐंशी डिग्री फॅरनहाइट हवी, पण इशिता शाळेतून यायची तेव्हा पेटीतल्या थर्मामीटरचा काटा सत्तरवर. बल्ब मात्र छान चालू! दोन आठवडे नूडलने उंदराला तोंड लावलं नव्हतं.

"रविवारपर्यंत खाल्लं नाही, तर दुकानात परत," सुलेखाने, म्हणजे इशिताच्या आईने, निकाल देऊन टाकला होता. "माझ्या घरात कुणी उपाशी मरायचं नाही. सापसुद्धा."

काकांनी भिंग काढलं. "कम्प्युटरांचा तो Y2K घोळ!" ते पुटपुटले. "थर्मामीटरला वाटतंय दोन हजार साल लागलं."

"काका, त्यात कम्प्युटर नाहीये."

"म्हणूनच पकडणं अवघड."

मग त्यांचा संशय वरच्या मजल्यावर गेला: तिथला भाडेकरू छतातून उष्णता ओढून घेत असावा.

"वर तुम्हीच राहता, काका."

"हं. त्याला वगळू." तेवढ्यात त्यांना जाळीवर पांढरा, वाळलेला डाग दिसला. "विष! साप थुंकलाय!"

"काका, प्लीज! कॉर्न स्नेकला व्हेनम नसतं."

काकांनी तरी डाग खरवडून रुमालात घेतला आणि हात धुऊन जेवायला बसले. "वहिनी, दही काय लागलंय हो! या थंडीत माझं तर नुसतं दूधच राहतं." त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

शुक्रवारी रस्त्यांवर बर्फ साचला. शाळा बंद, ऑफिस बंद. काकांनी पेटीसमोर खुर्ची टाकली. "आज चोर माझ्या डोळ्यांदेखत येईल," ते म्हणाले, आणि वहीत दर पाच मिनिटांनी नोंद करू लागले.

इशिता आंघोळ करून आली. "काही दिसलं?"

काकांनी ऐटीत वाचलं. "नऊ वाजता साप निजलेला. नऊ पाचला वहिनींनी दह्याचं पातेलं ठेवलं. नऊ दहाला साप निजलेलाच. संशयास्पद काही नाही."

"पातेलं कुठे ठेवलं?"

"हे काय, इथेच. जाळीवर."

इशिताने पाहिलं. बल्बच्या बरोबर खाली, झाकणावर, स्टीलचं भलंमोठं पातेलं ऐटीत शेकत होतं. आणि खाली, त्याच्या सावलीत, नूडल वेटोळं घालून गारठला होता.

"आई!"

सुलेखा हात पुसत आली. पातेल्याकडे पाहिलं, नूडलकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "अगं, घरात तेवढीच एक गरम जागा... मी रोज सकाळी लावून जाते आणि तू यायच्या आत उचलते. मला वाटलं, दिवा तर जळतोच आहे."

"आणि संडेला तू त्याला परत पाठवणार होतीस?"

"नाही पाठवत," सुलेखा हळूच म्हणाली.

"मला पहिल्यापासून दह्याचाच संशय होता," काका म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

इशिताने पातेलं दोन्ही हातांनी उचललं, स्वयंपाकघरात नेऊन बंद ओव्हनमध्ये ठेवलं आणि दह्यापुरती ऊब मिळावी म्हणून ओव्हनचा फक्त आतला दिवा लावला. मग काटा पंच्याऐंशीवर येईपर्यंत ती पेटीसमोरून हलली नाही. दोन दिवस तिने नूडलला नुसतं शेकू दिलं. रविवारी दुपारी तिने चिमट्यात उंदीर धरून झाकण उघडलं. मागे आई घट्ट डोळे मिटून उभी होती. "खाल्लं का गं? सांग ना, खाल्लं का?"

इशिताने मागे न बघताच दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.