अज्ञात कुत्र्याची नऊ पावलं

मी गवंडी आहे. तीस वर्षांत मी घातलेल्या एकाही फरशीवर माझं स्वतःचं पाऊल शोधून दाखवा, मी मिशी उतरवून देईन, अशी माझी पैज असायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, त्यातच सगळं आहे. फरशी घालणारा माणूस पुढे जात नाही, मागे मागे सरकतो. जिथे पाय पडला तिथे थापी फिरवायची, खूण मिटवायची, पुन्हा एक पाऊल मागे. दाराशी पोचलं की समोर आरशासारखी फरशी, आणि आपण जणू तिथे कधी गेलोच नव्हतो. माझ्या वडिलांनी मला एवढी एकच विद्या दिली आणि मी ती इमानेइतबारे सांभाळली.

एक फरशी सोडून.

ती आमच्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्याची. चौदा वर्षांपूर्वी तिथे मी सिमेंटचा कोबा घातला होता. सकाळपासून गुडघ्यांवर बसून घोटला होता. दुपारी सरकत सरकत पायरीपाशी आलो, कंबर सरळ केली आणि स्वतःच्याच कामावर खूश होऊन उभा राहिलो. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला माझी लेक उगवली. सात वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती चालताना कोणी पाहिलीच नव्हती. शाळेच्या शर्यतीत पहिली आली होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पदक, आणि समोर बाप. मधे काय आहे ते तिने कशाला बघावं?

नऊ पावलं. मी मोजली, कारण दुसरं काही सुचलंच नाही. दहावं पाऊल माझ्या पोटावर पडलं.

"बाबा, मी पहिली आले!"

ओरडायला तोंड उघडलं होतं, पण बाहेर आलं ते "शाब्बास." तिचे पाय धुतले, तिला घरी पिटाळलं आणि वळलो, तर मागे हवालदार उभे.

"हे कोणी केलं?"

"कुत्रं," मी म्हणालो.

हवालदार वाकले. पाच बोटं, टाच, सगळं लख्ख उमटलेलं.

"कुत्रं?"

"हो. मोठं होतं."

ते सरळ उभे राहिले. आत जाऊन वहीत काहीतरी लिहू लागले. मी "उद्या येऊन बुजवतो" म्हणालो, आणि त्यानंतर चौदा वर्षं त्या गल्लीत पाय ठेवला नाही. बाजारात जायचं तरी वळसा घालून. बायको विचारायची, "अहो, रोज एवढं लांबून का येता?" मी सांगायचो, चालणं तब्येतीला चांगलं असतं.

त्या दिवशी घरी जाताना ठाण्याच्या गेटवर एका पोलिसाने भिंगरीच्या पदकाला कडक सलाम ठोकला होता. झालं. तेव्हापासून पोरीने एकच धरलं, पोलीस व्हायचं. आम्ही म्हटलं, लहान आहे, विसरेल. ती एकवीस वर्षांची झाली तरी विसरली नाही. पहाटे उठून धावायची, संध्याकाळी अभ्यास. यंदा भरती निघाली. धावण्यात पहिली आली, लेखी परीक्षा पास झाली. राहिल्या दोनच गोष्टी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्याची पडताळणी.

पडताळणीच्या अर्जात एक रकाना होता. आजवर गुन्हा, दंड वगैरे काही घडलं असल्यास लिहावे, लपवल्यास उमेदवारी रद्द. भिंगरीने तो वाचला आणि वेगळा कोरा कागद घेतला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"रकान्यात मावत नाही."

मी चष्मा लावला. पहिला गुन्हा, वय पंधरा, परवाना नसताना मोपेड चालवली, तीही ट्रिपल सीट. तिसरी सीट म्हणजे सिमेंटचं पोतं, माझंच. दंड झाला होता. दुसरा गुन्हा, वय सतरा, चेंडू मारून रस्त्यावरचा दिवा फोडला. तोही दंड. इथवर ठीक होतं. तिसरा गुन्हा वाचला आणि मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "वय सात. पोलीस ठाण्याच्या ओल्या फरशीवरून धावले. फरशी खराब केली. कोणी पकडले नाही."

"अगं, हे कशाला? हे कोणाला माहीत आहे?"

"मला माहीत आहे."

"विचारलंय तेवढंच लिहावं माणसाने."

"बाबा, पोलीस व्हायचंय आणि पहिल्याच कागदावर लपवाछपवी?"

आता हिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई गं, तुझ्या बापाने पोलिसांना खोटं सांगितलंय, तेही पोलीस ठाण्यातच उभं राहून?

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी ती वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी पाय ओले करून तिला कागदावर उभं केलं. चारचौघांच्या पावलाला आतून कमान असते, तिथे कागद कोरडा राहतो. भिंगरीचा कागद टाचेपासून बोटांपर्यंत सगळा ओला. डॉक्टर म्हणाले, "तळपाय सपाट आहेत. हे भरतीत चालत नाही. आठ दिवसांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते म्हणतील ते शेवटचं."

त्या दिवशी पोरगी जेवली नाही. रडलीही नाही. नुसती पाय पुढे पसरून त्यांच्याकडे बघत बसली, जणू कोणी जवळच्या माणसाने दगा दिला होता. मला ते बघवेना. आणि मला काही बघवेनासं झालं की मी कोणावर तरी खापर फोडतो.

"आमच्या घराण्यात असले पाय नाहीत," मी म्हणालो. "हे हिच्या आजोळचे. सासरेबुवा चालायचे तर जमिनीवर झारा आपटल्यासारखा आवाज यायचा."

बायकोने हातातलं फडकं घट्ट पिळलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. मला वाटलं, पटलं वाटतं.

रात्रभर विचार करून मी एक नामी युक्ती काढली. ठाण्यातल्या त्या नऊ पावलांत पोरीचा गुन्हाही होता आणि सपाट पायही. ती पावलंच बुजवली तर? पुरावा नाही म्हटल्यावर कागदावरचा तिसरा गुन्हा कोण खरा मानणार? लहानपणीचा भास म्हणतील आणि सोडून देतील. आणि बुजवायची तर चोरून कशाला? भर दुपारी, हातात घमेलं घेऊन.

दुसऱ्या दिवशी चौदा वर्षांनी त्या गल्लीत शिरलो. गेटवर विचारलं, "काय काम आहे?"

"फरशीची दुरुस्ती."

"कोणी पाठवलं?"

"वरून."

या शब्दात काय जादू आहे देव जाणे. गेट उघडलं, खुर्च्या बाजूला झाल्या, कोणीतरी पाणी आणून दिलं. पण वरून आलेल्या माणसाला कोणी अडवत नाही, तसं मोकळंही सोडत नाही. टेबलामागून आवाज आला, "मिस्त्री, आधी ते बाथरूम बघा. तिथली फरशी हलते." आवाज हवालदारांचा. मिशा पिकल्या होत्या, बाकी तेच. मी मान खाली घालून बाथरूममध्ये शिरलो. ते झालं तर कपाटामागची भेग. ती झाली तर खिडकीचा कट्टा. मग म्हणे, वर चढलाच आहात तर घड्याळही सरळ करा. हवालदार एकेक काम सांगत होते आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो. दोन तासांत अख्खं ठाणं नीट झालं, फक्त माझं काम तेवढं राहिलं.

शेवटी व्हरांड्यात पोचलो. नऊच्या नऊ पावलं जागच्या जागी होती. कडा झिजून मऊ झाल्या होत्या. पहिल्या पावलात मी हाताचा पंजा ठेवून पाहिला, तर पंजाच मोठा निघाला. एवढीशी होती पोर. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण म्हटलं, भावनेच्या आहारी जायची ही वेळ नाही. छिन्नी टाचेवर टेकवली आणि पहिला घाव घातला.

दुसरा घाव हवेतच राहिला. हवालदारांनी मनगट धरलं होतं.

"सगळं फोडा मिस्त्री, याला हात लावायचा नाही."

"का?"

"इथे हरवलेली पोरं आणतात. रडून रडून घर डोक्यावर घेतात. मी त्यांना सांगतो, या पावलांत पाऊल टाकून चाल, नऊ मोजेपर्यंत आई येते. नऊला नाही आली तर परत पहिल्यापासून. चौदा वर्षं झाली, एकही पोर फार वेळ रडलेलं नाही." मग त्यांनी फुटलेल्या टाचेकडे पाहिलं. "आता चला मॅडमसमोर. सरकारी मालमत्ता फोडलीत."

मॅडम म्हणजे ठाण्याच्या प्रमुख. समोर अर्जांचा गठ्ठा होता. मला बाकावर बसवलं, छिन्नी आणि हातोडी टेबलावर ठेवली. "वरून म्हणजे कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं. मी छताकडे बघत राहिलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आत येऊ का?"

भिंगरी. पडताळणीला तिला त्याच दिवशी बोलावलं होतं! मला कसं माहीत असणार? मी कधी तिचं बोलावण्याचं पत्र पुरतं वाचलं होतं?

तिने बाकाकडे पाहिलं, छिन्नीकडे पाहिलं, माझ्या सिमेंटच्या हातांकडे पाहिलं. "बाबा?"

"हे तुमचे वडील?" मॅडम म्हणाल्या आणि गठ्ठ्यातून तिचा अर्ज काढला. वेगळा जोडलेला कागद वाचता वाचता त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. "तिसरा गुन्हा, वय सात. हवालदार, आपल्याकडे काही नोंद आहे का याची?"

हवालदारांनी कपाट उघडलं, एक जुनी वही काढली आणि घसा खाकरून वाचली. "व्हरांड्याच्या ओल्या फरशीवरून एक अज्ञात कुत्रे धावून गेले. कुत्रे मोठे होते. माहिती गवंडी यांनी दिली."

मला वाटलं, आता हा कोबा दुभंगावा आणि मला पोटात घ्यावं. पण मीच घातलेला कोबा, तो कसला दुभंगतोय. मी उभा राहिलो.

"मॅडम, कुत्रं नव्हतं. ही होती. लबाडी माझी आहे, तेव्हाचीही आणि आजचीही. मला काय करायचं ते करा, पण तिचं नाव यादीतून काढू नका. तिने या नोकरीशिवाय दुसरं काही मागितलेलं नाही हो."

"ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," हवालदार म्हणाले. "पाच बोटांचं कुत्रं मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि गेटवरून जाताना त्या कुत्र्याच्या गळ्यात पदक होतं. मी सलाम केला होता त्याला."

भिंगरी वळली. "तुम्ही होतात?"

हवालदारांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. पोरगी तपासणीच्या दिवशी रडली नव्हती, ती तिथे रडली.

मॅडमनी पेन उघडलं. मग अर्जावर लिहिता लिहिता म्हणाल्या, "मुलीने सगळं सांगितलं. लपवलं ते बापाने. बापाची भरती नाहीये, म्हणून वाचलात. फोडलेला भाग नवा करून द्या. पावलांना धक्का लागता कामा नये. आणि परत वरून येऊ नका, सरळ दारातून या."

मोठ्या डॉक्टरांची तारीख आली. त्यांनी भिंगरीला चवड्यांवर उभं केलं, आणि काय सांगू, त्या सपाट पायात छान कमान उभी राहिली. "पाय लवचिक आहे," ते म्हणाले. "अशा पायाने काही अडत नाही. निकाल कळवतो. घरात आणखी कोणाचे आहेत असे?"

"हिच्या माहेरचे," मी ताबडतोब बायकोकडे बोट दाखवलं. बायको पदराशी चाळा करत राहिली.

निकालाच्या दिवशी मी व्हरांड्यातच होतो. पहिल्या पावलाची टाच भरून काढली होती, शेजारचा पट्टा नवा घातला होता. अनवाणी, मागे मागे सरकत, खुणा मिटवत पायरीशी आलो. बायको डबा घेऊन आली होती, हवालदार देखरेखीला उभे. एवढ्यात दुसऱ्या टोकाला भिंगरी आली. हातात कागद. धावत आली आणि ओल्या फरशीच्या काठावर येऊन गपकन थांबली. पोलीस कशी शोभली बघा.

"बाबा, झाले! पात्र!"

मला काय झालं ते मला माहीत नाही. तीस वर्षांची विद्या, वडिलांची शिकवण, सगळं त्या पायरीवर राहिलं आणि मी सुटलो. सरळ नाकासमोर, ओल्या फरशीवरून, आणि पोरीला उचललंच.

मग मागे वळून पाहिलं.

पाच पावलं. टाचेपासून बोटांपर्यंत अखंड, तव्यासारखी सपाट. कमान औषधालासुद्धा नाही. शेजारीच चौदा वर्षांपूर्वीची नऊ, तीच, फक्त लहान.

हवालदारांनी खिशातून पेन काढलं. "काय लिहू मिस्त्री? मोठं होतं का?"

मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"अहो, अंघोळ करून रोज ओल्या पायांनी बाहेर येता," ती शांतपणे म्हणाली. "तेवीस वर्षं लादी कोण पुसतंय?"

ती पाच पावलं मॅडमनी मिटवू दिली नाहीत. पोरं आता नवाच्या पुढे चौदापर्यंत मोजतात म्हणे. मिशीचं म्हणाल तर उतरवली, शब्द म्हणजे शब्द. आणि घरातली लादी हल्ली मीच पुसतो. पुसायच्या आधी जरा वेळ बघत उभा राहतो, एवढंच.