बाळंतिणीच्या दाराला कुलूप

एका जंगलात, नदीच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीत तानी सशीण राहायची. तिचा नवरा बिरूही तिथंच राहायचा. जाळीला लागून सरकारी दवाखाना होता आणि तिथं हिराबाई साळिंदर नर्स होती. दवाखान्यात औषध नसायचं, कापूस नसायचा, पण सुया कधी कमी पडल्या नाहीत. हिराबाई पाठीवरची एक उपटायची आणि टोचायची.

तानीला दिवस गेले होते. मागच्या खेपेला हिराबाई रजेवर होती, म्हणून बिरू तिला राजधानीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन निघाला. राजधानी तीन डोंगर पलीकडं. दुसऱ्याच डोंगरावर तानी अडली आणि चारही पिल्लं गेली. तेव्हापासून तानीचं एकच म्हणणं, "आता जे व्हायचं ते हिराबाईच्या हाताखाली."

तर बाळांनो, वाघमहाराजांच्या मनात आलं, एवढे दवाखाने हवेत कशाला? पाहणीला त्यांनी कोल्हेसाहेबांना धाडलं.

घरी पाहुणा यायचा असला की आपण काय करतो? आवरतो. जंगलानं तेच केलं. दवाखाना सारवला. दारात रांगोळी काढली. बिरूनं स्वतः तोरण बांधलं. खाटेवर खोकणारी, कण्हणारी मंडळी बरी दिसेनात, म्हणून त्यांना घरी पाठवलं. एक म्हातारं माकड जाईना, त्याला उचलून चार झाडं पलीकडं नेऊन बसवलं.

कोल्हेसाहेब आले, चहा प्याले, "वा, काय टापटीप!" म्हणाले. आणि कागदावर लिहिलं, 'एकही रोगी आढळला नाही. येत्या पौर्णिमेला कुलूप लावावे.'

"तोरण कुणी बांधलं रे?" तानीनं विचारलं.

"मी," बिरू म्हणाला.

"मग आता त्याच तोरणाखाली तूच बाळंत हो."

हिराबाई दवाखान्याच्या कामगारांच्या संघटनेत होती. तिनं सगळ्यांना उंबराखाली बोलावलं. आधी निवेदन दिलं. महाराजांनी ते हसतमुखानं घेतलं आणि त्यावर बसले. मग हरणं उपोषणाला बसली. पाचव्या दिवशी महाराजांचा काळजीचा निरोप आला, की हरणांनी फार ताणू नये, अंगावरचं मांस उतरतं.

मग कोल्हेसाहेबांनी हिराबाईला बाजूला घेतलं. "बाई, तुमची बदली राजधानीत करतो. राहायला खोली देतो. या अडाण्यांच्या नादी कशाला लागता?" आणि रोग्यांना जाऊन सांगितलं, "नर्सबाईंचं काय जातंय? त्यांची सोय झाली."

हिराबाईनं उंबराखाली येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

तानीनं विचारलं, "मग जाणार का तुम्ही, बाई?"

"मी गेले तर तुझी पिल्लं कोण सोडवील? तो कोल्हा?"

तानी म्हणाली, "बाई, बाळंतिणीच्या खोलीला कुलूप लावतात का हो?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. त्या जंगलात रिवाज होता. बाळंतिणीच्या दाराला बारा दिवस कडीसुद्धा घालायची नाही. सटवाई नशीब लिहायला येते. तिला दार बंद दिसलं, तर ज्यानं बंद केलं त्याच्याच कपाळावर ती लिहून जाते. हा रिवाज वाघिणीनंही पाळलेला.

"पण बारा दिवसांनी काय?" रानडुक्कर म्हणालं.

"बारा दिवसांनी माझी जाऊ," तानी म्हणाली. "मग नणंद."

हिराबाईनं काट्यानं उंबराच्या सालीवर पाळ्या कोरल्या. तानी, जाऊ, नणंद, चुलतनणंदा. शेवटी तानीच्या सासूचंही नाव आलं. सासू लाजली, पण नको म्हणाली नाही.

पौर्णिमा उजाडली. कोल्हेसाहेब कुलूप घेऊन आले. त्यांना दारातच सांगितलं, आत बाळंतीण आहे. आणि तानीला अजून कळाच नव्हत्या!

"कुठं आहे बाळंतीण?" साहेबांनी विचारलं.

"होतेय," हिराबाई म्हणाली.

"होतेय म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही बसा."

साहेब पुढं झाले, तर दारात रानडुकरं आडवी पडली. कौलांवर माकडं चढली. या खेपेला एकही रोगी घरी गेला नव्हता. सगळे आपापल्या खाटेवर मोकळेपणानं खोकत होते. सूर्य माथ्यावर आला, कलला. आत हिराबाई तानीचं पोट चोळत होती. तानीला तो दुसरा डोंगर आठवत होता.

दिवस मावळता मावळता आतून बारीक ट्यँ ऐकू आलं. मग आणखी एक.

साहेबांनी कुलूप खिशात घातलं. "बारा दिवसांनी येतो," म्हणाले.

बारा दिवसांनी आले, तर जाऊ बाळंत झालेली. पुन्हा आले, तर नणंद. ससेच ते, पाळी कधी चुकली नाही. शेवटी साहेबांनी यायचं सोडलं. दवाखान्यावर पाटी लागली, 'वाघमहाराजांच्या कृपेने अखंड सेवा.' उद्घाटनाला महाराज स्वतः आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तानीला पाच पिल्लं झाली होती. पाचही जगली. बारशाला हिराबाईनं पाचांनाही मांडीवर घेतलं, जरा जपून. करवंदीच्या जाळीत जागा पुरेना, म्हणून बिरूनं शेजारची जाळीही धरली, आणि तानी पहिल्यांदाच पोटभर झोपली.

तात्पर्य : राजा प्रजेची काळजी घेतोच. फक्त त्याला दुसरं काही करायला वाव ठेवू नये.