फ्राऊ लोमान यांचे तीन तारे

तुम्ही माझा एकुलता एक वाचक पळवलात. इथे जाहीर लिहितोय, कारण तुमच्या तक्रारीच्या फॉर्मवर पाचशे अक्षरांपुढे राग मावत नाही. ऑनलाइन पुस्तकं विकता, तर वाचणारा माणूस म्हणजे काय चीज असते हे ठाऊक असायला हवं होतं!

वाचकहो, तुम्ही साक्षीदार. मी प्रल्हाद, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरचा, पंपांचा इंजिनिअर. बावीस वर्षं एका जर्मन कंपनीत काढली, आधी पुण्यात, मग इथे. मीटिंगमध्ये त्यांनी माझं एकही वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. नोकरी गेली तेव्हा ठरवलं, आता यांना यांच्याच भाषेत चारशे बारा पानं ऐकवायची. विज्ञान कादंबरी लिहिली. शनीच्या चंद्रावर वस्ती, हवेचे तीन पंप. तिसरा बंद पडतो आणि दुरुस्तीच्या कागदावर सही करायला कुणी तयार होत नाही. सहा प्रकाशकांनी उत्तरही दिलं नाही, म्हणून स्वतःच छापली. वर्षभरात जर्मनीत नाव होईल, असं कांचनला, म्हणजे बायकोला, छातीठोक सांगितलं.

चौदा महिन्यांत अकरा प्रती खपल्या. त्यातल्या नऊ मीच घेतल्या होत्या.

मग डिसेंबरात जर्मनीतल्या कासेल गावच्या फ्राऊ लोमान यांनी अभिप्राय लिहिला. पाचपैकी तीन तारे, पण खाली एकोणतीस ओळी! बाई भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. नवव्या प्रकरणात माझा नायक उघड्यावर हेल्मेट काढून शिंकतो, ते त्यांनी पकडलं. दाबाचं गणित दोन ठिकाणी चुकलंय म्हणाल्या. आणि शेवटी लिहिलं, 'हा माणूस कधीतरी खरोखरच बंद पंपाशेजारी उभा राहिलेला आहे. दुसरा भाग आला तर वाचेन.' मी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिलो. बावीस वर्षांत माझं काम कुणी इतकं नीट तपासलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या ओळी पडद्यावर समोर ठेवून दुसरा भाग लिहायला घेतला.

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला बोलून बसलो. शाळेचा कॅफेटेरिया, लाडवांची रांग, आणि पुढे शैलजाकाकू. निवृत्त भूलतज्ज्ञ आणि मंडळाच्या तहहयात अध्यक्षा.

"किती तारे म्हणालास?"

"तीन, काकू."

"पाचातले?"

मी आनंदाने मान हलवली. काकूंचा चेहरा माझे वाईट रिपोर्ट हाती आल्यासारखा झाला.

"अरे, मग हसतोस काय? आपल्या माणसाला कुणी काठावर पास करायचं आणि आपण लाडू खायचे?"

बाईंना पुस्तक आवडलंय, हे मी समजावेपर्यंत काकूंनी माइक घेतला होता. त्यांनी ग्रुपवर मजकूर टाकला, 'अप्रतिम लेखणी, ओघवती भाषा', आणि सगळ्यांना फोन काढायला लावले. एकाच वायफायवरून, वीस मिनिटांत, जर्मन कादंबरीला चौसष्ट मराठी अभिप्राय! जर्मन एकालाही येत नव्हतं. जगन्नाथकाकांनी चष्मा आणला नव्हता, त्यांचे तारे सुनेने दिले. कुणीतरी लाडू जरा कडक झाल्याचंही तिथेच लिहून टाकलं.

पण पेशंट पूर्ण निपचित पडल्याशिवाय काकू हात काढत नाहीत. फ्राऊ लोमान यांच्या अभिप्रायाखाली 'आक्षेपार्ह' असं कळवायचं बटण होतं. तेही चौसष्ट जणांनी दाबलं. मी माइककडे धावलो, तर तिथे उखाणे सुरू झाले होते.

घरी पोहोचेपर्यंत माझं खातं बंद, पुस्तक गायब.

"बाबा, दे थिंक यू आर अ स्कॅमर," आमची अनया म्हणाली, डोकं वर न काढता.

बाईंचं लिहिणं उतरवून ठेवलं होतंस ना, असं कांचनने विचारलं. ओव्हनचं मॅन्युअल तीन ठिकाणी जपून ठेवणारा माणूस मी. ते मात्र ठेवलं नव्हतं. रोज तिथेच जाऊन वाचायचो, देवळात जावं तसं.

मी तुम्हाला अर्ज केला. खरं तेच लिहिलं. चौसष्ट खोटे आहेत, काढून टाका; एक खरा आहे, तो परत लावा. अकरा दिवसांनी तुमचं उत्तर आलं. पुस्तक पुन्हा विक्रीला ठेवलंय. चौसष्ट अभिप्राय खऱ्या माणसांचे असल्याने ठेवले आहेत. चौसष्ट तक्रारी आलेला एक अभिप्राय कायमचा काढलाय, आणि त्या ग्राहकाला यापुढे कुठल्याही पुस्तकावर अभिप्राय लिहिता येणार नाही.

काकूंचा फोन आला. "पाचपैकी पाच झाले बघ. पेढे आण."

तिकडे कासेलमध्ये त्या बाईंना काय वाटत असेल? लेखकाला तीन तारे झोंबले, त्यानेच तक्रार केली. दुसरं काय वाटणार? मी ते बटण दाबलं नाही. मात्र उखाण्यांवर आवाजही चढवला नाही. खरं सांगतो, पडद्यावर पाच-पाच तारे पडताना बघून मला बरं वाटत होतं.

दुसरा भाग एकशे चाळिसाव्या पानावर थांबलाय, आणि हवेचं गणित पुन्हा कुठेतरी चुकलंय. तुमच्याकडे बाईंचा पत्ता आहे, माझ्याकडे नाही. तक्रार माझी नव्हती, एवढं एक वाक्य त्यांना कळवणार आहात की नाही? उत्तर द्या. आणि या वेळी ते एखाद्या माणसाला लिहायला सांगा.