चाळिसावं पत्र

चिमीचं वय चौतीस, पण घरात ती अजून चिमीच. चांगली चालू नोकरी सोडून दोन वर्षं ती मागच्या खोलीत ईमेलचं ॲप बांधत बसली होती. कॉम्प्युटर कुठल्याही घराण्याचा असो, त्यावर चालणारं, फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. म्हणजे कुणीही यावं, आत डोकवावं, चुका काढाव्यात, जमलं तर दुरुस्तही कराव्यात.

तिच्या वडिलांना, अण्णांना, हे काही केल्या पटत नसे. छत्तीस वर्षं पोस्टमास्तरकी केलेला माणूस. "दार सताड उघडं टाकून कुणी पोस्ट चालवतं का?" ते विचारायचे. शेवटी बापलेकीत ठरलं. रविवारी ॲपची पहिली पक्की आवृत्ती निघेल, अण्णा स्वतः ती तपासतील, आणि नापास झाली तर सोमवारपासून चिमी मुकाट्यानं नोकरी शोधेल. चिमी शब्दाला पक्की, हीच पंचाईत होती.

रविवारी सकाळी ॲप अण्णांच्या कॉम्प्युटरवर सुरू झालं. चिमीच्या लॅपटॉपवरही झालं. राहिला आईचा जुनाट, तिसऱ्याच घराण्याचा कॉम्प्युटर. आईला दम कुठला धरवतोय? तिनं त्याची इंटरनेटची वायर खोचली आणि कौतुकानं म्हणाली, "बघा, माझ्याकडेही चालतंय. भराभर काहीतरी जातंयसुद्धा."

"काय जातंय?" चिमी धावतच आली.

इंटरनेट नसताना लिहिलेली पत्रं ॲप जपून ठेवतं आणि जोडणी मिळताच धाडतं, हे तपासायला गेल्या महिन्यात तिनंच आईच्या कॉम्प्युटरवर ॲप टाकून ती वायर काढली होती. 'चाचणी, चाचणी' लिहून कंटाळल्यावर तिनं लिहिलं होतं, 'तातडीनं घरी या. फोन लागत नाही.' खोटे पत्ते कोण बनवत बसणार, म्हणून आईच्या यादीतले सगळे चाळीस पत्ते टाकले होते. मग पुसायचं राहून गेलं.

फोन लागत नाही म्हटल्यावर फोन कुणीच केला नाही. चिमीनं एकेकाला फोन लावले, पण गाडी चालवताना फोन घेऊ नये, हे शहाणपण नातेवाइकांना नेमकं त्याच दिवशी सुचलं होतं. पहिली मावशी आली, पंधरा दिवसांचे कपडे घेऊन. "तू तर ठणठणीत दिसतेस," ती आईला म्हणाली, जरा नाराजीनंच. मामा कुलूप तोडायची हत्यारं घेऊन आला. डॉक्टर पुतण्यानं कुणाला काही न विचारता अण्णांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला.

"अरे, मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात, काका."

दुपारपर्यंत बसायला जागा उरली नाही. लांबच्यांनी 'निघतोय' अशी उत्तरं धाडली. चिमी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि काय झालं ते सांगून टाकलं. "चूक माझी," ती म्हणाली.

अण्णा पट्ट्यासकट उठले. आईकडून यादी घेतली आणि चष्मा लावून हजेरी घ्यायला लागले. जो आला त्याच्यापुढे खूण, ज्याचं उत्तर आलं त्याच्यापुढे खूण.

"चाळीस गेली. एकोणचाळीस पोचली. एक गहाळ," ते म्हणाले.

"कुणाचं?" चिमीनं विचारलं. गहाळ पत्र म्हणजे अण्णांच्या लेखी नापास.

"माझं."

दोघं अण्णांच्या कॉम्प्युटरपाशी गेली. पत्र आलेलं होतं, पण ॲपनं ते संशयित टपालात टाकून वर लिहिलं होतं, 'हे खरं वाटत नाही. आधी खात्री करा.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. "बाकीच्यांकडे कुठली ॲप्स आहेत?"

"दुसरी. मोठ्या कंपन्यांची."

"म्हणजे एवढ्या सगळ्यांत हे खोटं आहे ते तुझ्या एकटीच्या ॲपनं ओळखलं."

खोटं श्रेय घेणं चिमीला जमलं नाही. "तो भाग माझा नाही, अण्णा. मी जिला कधी भेटले नाही अशा एका बाईनं फुकट लिहून पाठवलाय."

"मग ते दार उघडंच ठेव," अण्णा म्हणाले आणि बाहेर गेले. "ऐका सगळे. माझ्या मुलीचं एकही पत्र गहाळ झालेलं नाही. मला फार अभिमान वाटतोय."

"मलाही ते ॲप टाकून दे गं," मावशी बॅग उचलत म्हणाली. "असतं, तर मी आलेच नसते."

त्यावर एकोणचाळीस जणांचं एकमत झालं, लांबच्यांचं ईमेलनं. चिमीला सोमवारी नोकरी शोधायला वेळच मिळाला नाही.